पायाच्या मशीनचं ऑपरेशन

सिस्टरनी नोकरीभर लोकांचे टाके काढले. हॉस्पिटलातल्या हाडांच्या वॉर्डाच्या त्या मुख्य परिचारिका होत्या, आणि पेशंटचं "आई गं" पुरं व्हायच्या आत टाका बाहेर, असा त्यांचा हात. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्यांनी यजमानांना जाहीर केलं, "जन्मभर टाके काढले. आता घालणार."

यजमान ग्रंथालयात ग्रंथपाल होते, तेही निवृत्त झालेले. कुठल्याही खोलीत बोलण्याआधी तिथे कोणी वाचत तर बसलेलं नाही ना, हे बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोणाला?"

"कोणाला काय! कापडाला. मी शिवण शिकणार आहे."

ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला.

मशीन विकत घ्यायची वेळ आली नाही. ग्रंथपालांची थोरली बहीण त्याच सुमारास मोठं घर सोडून लेकीजवळच्या छोट्या घरात राहायला गेली, आणि तिच्या पायाच्या शिलाई मशीनला तिथे जागा नव्हती. या नणंदबाईंच्या लेखी पेन्शनीत निघालेला भाऊ अजून "बाळ" होता आणि भावजय अजून नवी नवरी होती. मशीन टेम्पोतून उतरवलं तेव्हा त्या स्वतः सोबत आल्या, आणि लेक सासरी धाडताना द्याव्यात तशा सूचना देत राहिल्या.

"भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नकोस. वर कुंड्या मांडू नकोस. चाक उलटं फिरवू नकोस. माझ्याकडे यानं कधी हूं का चूं केलं नाही. तुझ्याकडेही करणार नाही, नीट वागवलंस तर."

त्यातलं ते "तर" सिस्टरच्या जिव्हारी लागलं. अख्खा वॉर्ड ज्यांच्या नजरेच्या धाकात नीट वागायचा, त्यांना एक लोखंडी मशीन नीट वागवता येणार नाही?

"आणि मशीनच्या बदल्यात मला उशांचे अभ्रे शिवून दे," नणंदबाई निघताना म्हणाल्या. "घाई नाही. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा नेईन."

"महिना कशाला वन्सं? आठवड्यात देते," सिस्टर म्हणाल्या. हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस छळणार होतं.

गल्लीच्या टोकाला शिवणवर्ग होता, तिथे त्यांनी नाव घातलं. वर्गाच्या बाईंनी पहिल्या दिवशी सुईत दोरा न ओवता कागदावर सरळ रेघ शिवायला सांगितली. सिस्टरनी मन लावून पान भरलं. बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "नदीचा नकाशा छान जमलाय. आता रेघ शिवा." सगळा वर्ग हसला. सिस्टरही हसल्या, पण घरी येऊन त्यांनी जुन्या मासिकांचा एक गठ्ठा सुईखालून काढला. ग्रंथपालांना ते पाहवलं नाही. ते गच्चीत जाऊन बसले.

शेवटी रेघ सरळ येऊ लागली. आणि नेमका तेव्हाच आवाज सुरू झाला.

मोठा नव्हता. "कट्" एवढाच. पायडल खाली दाबलं की एकदा, कधी दोन दाबांनंतर एकदा, कधी सलग तीनदा. कोणी दातांनी सुपारी फोडावी तसा. आधी सिस्टरना वाटलं, नवं माणूस बसलंय, मशीन बिचकत असेल. मग वाटलं, तेल कमी असेल. मग एका दुपारी शिवता शिवता त्यांच्या मनात जो विचार आला, त्यानं त्यांचा पाय पायडलवरच थांबला. वन्संनी बिघडलेलं मशीन आपल्या गळ्यात मारलं तर नाही?

एकदा हा किडा डोक्यात शिरल्यावर सगळ्याचा अर्थ लागू लागला. हूं का चूं केलं नाही, हे न विचारता का सांगितलं? आणि जागा नाही म्हणे! त्या नव्या घराला चांगली मोठी गॅलरी आहे की.

त्यांनी फोन लावला. "वन्सं, सहज विचारते. तुमच्याकडे मशीन कधी आवाज करायचं का?"

"खड खड करायचं की. मशीनच ते, मांजर थोडंच आहे?"

"तसा नाही. कट् असा."

"तू काय केलंस त्याला?"

सिस्टरनी फोन ठेवला आणि तेलाची बाटली काढली. शिवणवर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं, मशीनच्या अंगावर जेवढी भोकं दिसतील तेवढ्यांत एकेक थेंब सोडायचा, मग चिंधीवर थोडा वेळ चालवून जादा तेल पुसून घ्यायचं. सिस्टर मुळात उदार स्वभावाच्या. त्यांनी एकेका भोकात चांगलं पळीभर तेल ओतलं. मशीन घामाघूम झालं. सुईच्या दांड्यावरून ओघळ आले, आणि तोवर शिवून झालेल्या एकुलत्या एका अभ्र्यावर मधोमध गोल डाग पडला. आवाज मात्र तसाच. उलट तेलपाणी मिळाल्यामुळे जास्त खणखणीत.

"तुम्ही बसून बघा बरं," त्या यजमानांना म्हणाल्या.

ग्रंथपाल बसले. त्यांनी पुस्तकाचं पान उलटावं इतक्या हळुवारपणे पायडल हलवलं. मशीन लोण्यासारखं चाललं. आवाज नाही.

"तुमचा भारच पडत नाही," सिस्टर म्हणाल्या. ग्रंथपालांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलावं की नाही याचा विचार केला आणि परत मिटलं.

मग मशीनवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ दारातूनच बोलत आला. "नुसतं चाक फिरलेलं ऐकून सांगतो बाई, कुठली नस दबलीय." त्यानं मशीनच्या डोक्याला कान लावला, डोळे मिटले, एक स्क्रू पाव फेरा पिळला, स्वतः बसून चालवलं आणि हात झटकले. "गेला बघा!" खरोखर गेला होता. मशीनवालाही गेला, जिना उतरला, आणि सिस्टर बसल्या. कट्.

दुसऱ्या खेपेला सिस्टरनी त्याला आधी मशीनला हात लावूच दिला नाही. स्वतः त्याच्यासमोर बसून चालवून दाखवलं. कट्, कट्. "हां!" मशीनवाल्याचा चेहरा उजळला. "हा तर पट्टा! चामडं सुकलंय." त्यानं नवा पट्टा चढवला, बसून चालवलं, आवाज नाही. सिस्टरनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर बसल्या. कट्.

तिसऱ्या खेपेला तो आलाच नाही, फोनवरच म्हणाला, "तुमच्या घराची फरशी उतरती असेल. मशीनच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला. आणि तोंड पूर्वेला करून बघा."

पुठ्ठा घातला तरी कट् आलंच, तेव्हा सिस्टरनी काय ते ओळखलं. वॉर्डात त्यांनी मोठमोठे डॉक्टर पाहिले होते. आजार सापडला नाही की ते आधी गोळी बदलायचे, मग उशी, आणि शेवटी हवापालट सांगायचे. मशीनवाल्याची आता हवापालटाची पायरी आली होती. म्हणजे आता हाती काही घ्यायचं तर ते आपणच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. शेजारी ताट, ताटात मापाप्रमाणे लावलेले स्क्रूड्रायव्हर, चिमटा, जुना दात घासायचा ब्रश, कापूस, वाटीत रॉकेल. हातात रबरी मोजे. ग्रंथपालांना टॉर्च धरायला उभं केलं.

"मी एक सुचवू का?" ग्रंथपाल कुजबुजले. "जो भाग निघेल त्याला चिठ्ठी बांधू. एक, दोन, तीन..."

"काही गरज नाही. माझ्या डोक्यात असतं सगळं. चिमटा."

ग्रंथपालांनी चिमटा दिला.

सुरुवात झकास झाली. पट्टा उतरवला, मशीनचं डोकं मागे कलतं केलं. सुई आणि तिच्याखालची पत्र्याची पट्टी काढली तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मध्ये कापसाचा थर बसून बसून त्याची गादी झालेली. चिमट्यानं ओढली तर अख्खी लांबलचक निघाली. त्यात एक मोडलेलं सुईचं टोक सापडलं. "हे बघा!" सिस्टर आनंदानं ओरडल्या. "मूळ सापडलं!" बॉबिनची डबी रॉकेलमध्ये बुडवली, ब्रशनं घासली, पुसली. तिथे थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हात साफ चालत होता, अंगात आलं होतं. त्यांनी पुढची तबकडी उघडली आणि वरच्या दोऱ्याला ताण देणारा स्क्रूसुद्धा पिळून काढला. त्याबरोबर आतून एक नट, एक स्प्रिंग, दोन चकत्या आणि आणखी काहीबाही भराभर ताटात पडलं. एक चकती टेबलावरून घरंगळत फ्रिजखाली गेली. ग्रंथपाल टॉर्चसकट आडवे झाले आणि ती काढली.

सगळं धुऊन पुसून परत बसवायला दुपार झाली. शेवटचा स्क्रू घट्ट करून सिस्टरनी मोजे उतरवले आणि ताटाकडे पाहिलं. ताटात एक तार उरली होती. पापणीच्या केसाएवढी बारीक, टोकाशी वळवलेली. तरुणपणी ऑपरेशन थिएटरात ड्यूटी असताना कापसाचा एक बोळा हिशेबात कमी भरला, तर याच सिस्टर सर्जनला पोट शिवू द्यायच्या नाहीत. आता त्यांनी ती तार उचलली, उजेडात धरली, "एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय?" असं स्वतःशी म्हणाल्या आणि वाटीत टाकून दिली.

मग बसल्या. पायडल दाबलं. कट्.

आणि कापड उचललं तर खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं झालेलं. एखाद्या चिमणीनं निवांत अंडी घालावीत असं.

म्हणजे जो रोग होता तो तसाच राहिला, आणि धडधाकट होतं ते अंग निकामी झालं. सिस्टर खुर्चीत मागे रेलल्या. "अशा डॉक्टरला मी वॉर्डात पाय ठेवू दिला नसता," त्या म्हणाल्या. ग्रंथपालांनी टॉर्च बंद केला.

फोन वाजला. नणंदबाई. "उद्या येतेय गं. अभ्रे तयार आहेत ना?"

"जवळजवळ," सिस्टर म्हणाल्या. खोटं नव्हतं. एक अभ्रा झाला होता. त्यावर तेलाचा डाग होता, आणि त्यात उशी जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई दारात चपला काढता काढताच म्हणाल्या, "बघू अभ्रे."

सिस्टर रात्रभर मनात भाषण जुळवत होत्या. बचाव करण्यापेक्षा चढाई बरी, असं त्यांनी ठरवलं होतं. "अभ्रे राहू देत वन्सं. तुम्ही मला मशीन दिलंत की शिक्षा दिलीत, ते आधी सांगा."

"म्हणजे?"

"आवाज होता ना आधीपासून? होता तर सांगायचं. मी काय नाही म्हटलं असतं? पण हूं का चूं करत नाही म्हणालात!"

नणंदबाईंनी पिशवी खाली ठेवली. रागावल्या की त्या बोलत नसत, कामाला लागत. सरळ आतल्या खोलीत गेल्या, मशीनवर बसल्या, दोरा तसाच बाजूला टाकून नुसतं पायडल मारू लागल्या. चाक भिरभिरलं. आवाज म्हणाल तर मशीनचा आपला नेहमीचा. कट् नाही की फट् नाही.

"कुठे आहे?"

"उठा. मी दाखवते."

सिस्टर बसल्या. पहिल्याच दाबाला कट्. दुसऱ्याला कट्. जन्मात इतका आनंद त्यांना या आवाजाचा झाला नव्हता. "ऐकलंत? ऐकलंत ना? आता बोला!"

नणंदबाई मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय काढ. ऊठ बघू."

सिस्टर उठल्या. कट्.

दारात उभ्या असलेल्या ग्रंथपालांनी छताकडे पाहायला सुरुवात केली.

"बस."

सिस्टर बसल्या. कट्.

"ऊठ."

कट्.

"मशीनला आता कोणी बोट लावलं होतं का?" नणंदबाईंनी विचारलं.

सिस्टर वाकल्या, उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि पाय हळूच वाकवून सरळ केला. तळव्याखाली काहीतरी टुणकन उडालं. ही उडी त्यांच्या ओळखीची होती. किती गुडघ्यांवर त्यांनी असा हात ठेवला असेल! पेशंट जिना चढून आला की वॉर्डाच्या दाराशीच त्यांना कळायचं, हा उजवा की डावा. नवीन आलेल्या मुलींना त्या सांगायच्या, "डोळे मिटा आणि ऐका, गुडघा स्वतः सांगतो." आणि स्वतःचा गुडघा महिनाभर त्यांच्या कानीकपाळी ओरडत होता, तर या तेल ओतत होत्या, ते मशीनमध्ये.

आधी त्यांचे कान गरम झाले. मग नजर त्या नव्या पट्ट्यावर गेली, मशीनच्या पायाखालच्या पुठ्ठ्यावर गेली, रॉकेलच्या वाटीवर गेली, आणि पोटातून काहीतरी उसळून वर आलं. नणंदबाईंना वाटलं, रडतेय. त्या पुढे झाल्या. पण सिस्टर हसत होत्या. मशीनवर डोकं टेकून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"तोंड पूर्वेला करा म्हणाला!" त्या कशाबशा म्हणाल्या. "माझंच करायला हवं होतं!"

नणंदबाईंना आधी काही कळलं नाही. ग्रंथपालांनी हळू आवाजात पुठ्ठ्याची हकीकत सांगितल्यावर त्याही पलंगावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

हसू ओसरल्यावर सिस्टरनी मान वर केली. "अहो, एक सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

ग्रंथपालांनी आजूबाजूला पाहिलं. "जिन्यात येतो," ते म्हणाले. "सकाळी पलंगावरून उठताना येतो. देवळात काय, बँकेत काय, उठलीस की येतो. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. हाडांचं तुला कळतं."

"मग मी मशीन उघडायला घेतलं तेव्हा तरी बोलायचं!"

"तू हातमोजे घातले होतेस," ग्रंथपाल म्हणाले.

नणंदबाई परत हसायला लागल्या. "बाळ लहानपणापासून असाच. घराला आग लागली तरी बोलायच्या आधी हात वर करील."

आता उरला प्रश्न मशीनचा. ते तर खरंच मोडून ठेवलेलं होतं, आणि मशीनवाल्याला चौथ्यांदा बोलावायची सिस्टरची छाती नव्हती. त्यांनी घरट्याचं कापड नणंदबाईंपुढे धरलं आणि सगळं सांगून टाकलं, उरलेल्या तारेसकट.

"वन्सं, कुठे बसते हो ही?"

"मला काय ठाऊक? मी जन्मात मशीन उघडलं नाही. उघडलं असतं तर तुझ्यासारखं होऊन बसलं असतं."

पण त्या मशीनवर बसल्या, रिळाचा दोरा हातात घेतला आणि डोळे मिटले. "मी बघून दोरा कधी ओवलाच नाही," त्या म्हणाल्या. "पोरं अभ्यासाला दिव्याखाली बसायची, मी अंधाऱ्या बाजूला. बोटांनीच." त्यांचं बोट रिळावरून निघालं, पहिल्या आकड्यातून गेलं, खाली चकत्यांशी आलं, वळसा घेतला आणि थांबलं. परत मागे गेलं. परत थांबलं.

"इथे काहीतरी असायचं," त्या म्हणाल्या. "इथून दोरा वर ओढला की बोटाला गुदगुली व्हायची. टिचकी मारल्यासारखी. ती नाहीये."

सिस्टरनी वाटीतली तार काढली, तिचं वळलेलं टोक नणंदबाईंच्या बोटाला लावलं. "अशी?"

"हीच!"

मग दोघी मिळून भिडल्या. सिस्टर तार बसवायच्या, नणंदबाई डोळे मिटून बोट फिरवून "नाही, अजून खाली" म्हणायच्या. तार बसली. चकत्या उघडल्यावर दिसलं की त्यातली एक उलटी घातलीय, बशांसारख्या दोघी पाठीला पाठ लावून बसायला हव्यात, तर एकीनं दुसरीकडे तोंड केलेलं. ती सरळ केली. पुन्हा शिवून पाहिलं. घरटं गेलं, पण आता टाका मध्येच सुटत होता. चार टाके, मग उडी, मग दोन टाके. दोघी हैराण. नणंदबाईंनी बॉबिन काढून घातलं, सिस्टरनी स्क्रू ढिला केला, घट्ट केला. काही नाही.

ग्रंथपाल चहाचा ट्रे घेऊन आले. ट्रे ठेवला, चष्मा लावला आणि बराच वेळ सुईकडे बघत उभे राहिले. या वेळी मात्र त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही.

"सुईची सपाट बाजू कुठे असते?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे," नणंदबाई म्हणाल्या. "या मशीनला डावीकडेच."

"मग ती उजवीकडे आहे."

तिघांनी वाकून पाहिलं. होती. हजारो इंजेक्शनं दिलेल्या बाईनं सुई उलटी बसवली होती.

"कोणाला सांगू नका," सिस्टर म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की हे आपण स्वतःच सगळ्यांना सांगणार आहोत. इतकी चांगली गोष्ट पोटात ठेवून कसं चालेल?

अभ्रे त्याच दुपारी झाले. नणंदबाईंनी कापले, सिस्टरनी शिवले, आणि पायडलच्या तालावर गुडघाही आपला वाजत राहिला. एक अभ्रा जरासा तिरका झाला. नणंदबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. सिस्टर श्वास रोखून बसल्या. "हा मी माझ्या जावयाच्या उशीला घालीन," नणंदबाई म्हणाल्या. "त्याची मान तशीही त्याच बाजूला कलते."

त्या रात्री राहिल्या. एरवी संध्याकाळच्या आत घर गाठणाऱ्या बाई, पण या वेळी निघण्याचं नावच काढलं नाही. जेवणं झाल्यावर पलंगावर पाय पसरून त्यांनी स्वतःहून पातळ जरासं वर केलं. "आता माझे गुडघेपण बघ. दोन वर्षं झाली, सकाळी खिळे ठोकल्यासारखे दुखतात. लेकीला सांगितलं तर लगेच डॉक्टर काढते, म्हणून बोलले नाही."

सिस्टरनी तळहात चोळून गरम केला आणि ठेवला. मोठी नणंद पहिल्यांदाच त्यांच्यापुढे पेशंट होऊन बसली होती. सिस्टरच्या तोंडावर आलं होतं, "इतके दिवस काय करत होतात?" हा प्रश्न त्यांनी वॉर्डात प्रत्येकाला दरडावून विचारला होता. आज तो विचारायचा त्यांना हक्क नव्हता. त्यांनी नुसतं विचारलं, "जिना चढताना जास्त की उतरताना?"

पुढच्या आठवड्यात दोघी मिळून हॉस्पिटलात गेल्या. तपासायला बसलेला तरुण डॉक्टर एकेकाळी सिस्टरच्या हाताखाली प्लास्टर घालायला शिकलेला. नणंदबाईंना त्यानं नीट तपासलं, औषध दिलं, फोटो काढायला पाठवलं. मग सिस्टरकडे वळला.

"दुखतं?"

"नाही."

"सूज?"

"नाही. नुसता वाजतो."

"मग घाबरायचं कारण नाही. मांडीचे स्नायू..."

"...बळकट करा, आवाजाकडे लक्ष देऊ नका," सिस्टरनी वाक्य पुरं केलं. "हे मीच शिकवलंय तुम्हाला. दुसरं काही नाही का?"

"दुसरं काही नाही, सिस्टर," डॉक्टर म्हणाला. "पण दाखवायला इतका उशीर का केलात?"

"मी तेल घालत होते," सिस्टर म्हणाल्या, आणि तिथेच स्टुलावर बसून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. तोवर वॉर्डातल्या मुली दारात जमल्या होत्या. पाय टांगून ठेवलेला एक पेशंट इतका हसला की त्याला हसू नका म्हणून सांगायला सिस्टरनाच उठावं लागलं. उठताना आवाज आला, आणि पुन्हा सगळा वॉर्ड हसला. वाढदिवसालासुद्धा इतकं कौतुक झालं नसेल, असं त्यांना वाटलं.

येताना त्यांनी रस्त्यावरच्या दुकानातून कापड घेतलं. निळं, बारीक पट्ट्यांचं, धुतलं तरी आटणार नाही असं. घरी आल्या आल्या त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि ग्रंथपालांना हाक मारली.

"उभे राहा सरळ."

"कशाला?"

"पायजमा शिवतेय तुमचा."

ग्रंथपालांनी पुस्तकात बोट घातलं आणि दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. ते उठले, भिंतीशी जाऊन उभे राहिले. सिस्टरनी टेप कमरेभोवती आणली, आणि तेवढ्यात ग्रंथपाल पाच वर्षांनी तरुण झाले. छाती पुढे, पोट आत.

"श्वास सोडा," सिस्टर म्हणाल्या.

"सोडलाय."

"अहो, सोडा म्हणते ना. खोट्या मापाचा पायजमा घालून मग बसून जेवता येणार नाही."

ग्रंथपालांनी क्षणभर तग धरला. मग लांब सुस्कारा टाकून त्यांनी श्वास सोडला. टेप सिस्टरच्या बोटांतून सरसर पुढे सरकली, आणि त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला.